पहिली चाल कुणाची, डाव कुणाचा?

प्रतिनिधी, आरे कॉलनी (मुंबई)

आरे-जेव्हीएलआर हे मेट्रो-३चे पहिले स्थानक. गाडी येथूनच सुटत असल्याने बसायला जागा मिळते, आणि जागा मिळालेल्या शाळकरी मुलांच्या मोबाइलवर अलीकडे क्रिकेटच्या जोडीने चौसष्ट घरांचा पटही दिसू लागला आहे. आरे कॉलनीच्या एका अंगाला गोरेगाव, दुसऱ्या अंगाला मरोळ आणि पवई. या दोन्ही बाजूंच्या गृहसंकुलांत बुद्धिबळाचे वर्ग चालतात. नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये महिलांचा विश्वचषक जिंकल्यानंतर पालकांचा ओढा या वर्गांकडे वळणे स्वाभाविकच होते. चौकशीला येणारे पालक हमखास एक प्रश्न विचारतात : मुलाला कोणते 'ओपनिंग' शिकवणार? डावाची सुरुवात पाठ झाली की निम्मी लढाई जिंकली, असा या प्रश्नामागचा समज असतो. महिन्याचे शुल्क, शनिवार-रविवारची दुपार आणि मुलाची उमेद, हे सारे या समजावर खर्ची पडत असल्याने तो तपासून पाहणे आवश्यक ठरते.

सुरुवात ज्या विजयापासून झाली, त्याच विजयाकडे प्रथम पाहू. जॉर्जियातील बाटुमी येथे दिव्या देशमुख आणि कोनेरू हंपी यांच्यातील अंतिम लढतीचे दोन्ही दीर्घ डाव बरोबरीत सुटले. २८ जुलै २०२५ रोजी जलद डावांचा टायब्रेक झाला. पहिल्या जलद डावात दिव्याकडे पांढरी मोहरी होती. हंपीने पेट्रॉफ बचाव स्वीकारला. हा बचाव चिवट आणि बरोबरीकडे झुकणारा म्हणून प्रसिद्ध आहे, आणि डाव बरोबरीतच सुटला. दुसऱ्या डावात पांढरी मोहरी हंपीकडे आली. तिने कॅटलान पद्धतीची सुरुवात केली. जगातील आघाडीचे खेळाडू जी सुरुवात विश्वासाने खेळतात ती तिच्या हाती होती, पहिली चालही तिचीच होती. तरीही जिंकली काळ्या मोहऱ्यांची दिव्या. डाव पंचाहत्तर चालींपर्यंत लांबला आणि त्याचा निकाल लागला तो अखेरच्या टप्प्यात, घड्याळाच्या दडपणाखाली झालेल्या चुकांमुळे. कॅटलानचा त्या चुकांशी काहीही संबंध नव्हता. एकोणीस वर्षांची दिव्या विश्वचषकविजेती झाली आणि त्याच दिवशी भारताची अठ्ठ्याऐंशीवी ग्रँडमास्टरही.

एका डावावरून सिद्धांत मांडता येत नाही, हे खरेच. आकडेवारी काय सांगते?

शंभरातले पंचावन्न

गेल्या शतकभरातील स्पर्धांचे डाव एकत्र केले, तर पांढऱ्या मोहऱ्यांच्या वाट्याला शंभरातील चोपन्न ते पंचावन्न गुण येतात. हा आकडा सर्वत्र उद्धृत होतो आणि बहुतेक वेळा चुकीचा वाचला जातो. पांढरा शंभरातील पंचावन्न डाव जिंकतो, असा त्याचा अर्थ नाही. बरोबरीचा अर्धा गुण त्यात मिळवलेला असतो. समजा, शंभर डावांपैकी अडतीस पांढऱ्याने जिंकले, अठ्ठावीस काळ्याने आणि चौतीस बरोबरीत सुटले, तर पांढऱ्याचे गुण पंचावन्नच होतात. पहिल्या चालीचा लाभ आहे, पण तो फार मोठा नाही. शिवाय तो तुल्यबळ खेळाडूंमध्येच दिसतो. दोघांच्या ताकदीत थोडे जरी अंतर पडले, तरी कुणाची मोहरी कोणत्या रंगाची, या प्रश्नाला फारसा अर्थ उरत नाही.

दुसरी फसगत अधिक सूक्ष्म आहे. डावांच्या संग्रहात एखाद्या सुरुवातीपुढे यशाची टक्केवारी दिलेली असते. सिसिलियन बचावाचे उदाहरण घ्या. काळ्या मोहऱ्यांनी जिंकायची ईर्षा असलेला खेळाडू सिसिलियनकडे वळतो. ज्याला अर्धा गुण पुरेसा असतो, तो पेट्रॉफ किंवा बर्लिन पसंत करतो. त्यामुळे सिसिलियनमध्ये काळ्याचे विजय अधिक दिसतात आणि पराभवही अधिक दिसतात. ही टक्केवारी त्या चालींची जितकी, तितकीच त्या चाली निवडणाऱ्या माणसांच्या स्वभावाची. मोबाइलवरील आकडा पाहून 'हीच सुरुवात सर्वांत चांगली' असे ठरवणे म्हणजे मोठ्या रुग्णालयात अधिक रुग्ण दगावतात, म्हणून तेथे जाऊ नये, असे म्हणण्यासारखे आहे. तेथे मुळात गंभीर रुग्णच अधिक येतात, हे विसरले जाते.

संगणकाने हा प्रश्न आणखी टोकाला नेला. गुगलच्या डीपमाइंडने तयार केलेल्या अल्फाझिरोने २०१७ मध्ये स्टॉकफिश या प्रबळ प्रोग्रॅमशी शंभर डाव खेळले. एकही डाव न गमावता त्याने अठ्ठावीस जिंकले. त्यांपैकी पंचवीस पांढऱ्या मोहऱ्यांनी आणि अवघे तीन काळ्या मोहऱ्यांनी. बाकीचे बहात्तर बरोबरीत सुटले. खेळ जितका निर्दोष होत जातो, तितके पहिल्या चालीचे वजन वाढते आणि तितक्याच बरोबरीही वाढतात, असे यातून दिसते. माणसांचा खेळ मात्र निर्दोष नसतो. २०२४च्या जगज्जेतेपदाच्या लढतीत डी. गुकेश आणि डिंग लिरेन यांच्यात चौदा डाव झाले. निकाली ठरले ते पाच, आणि त्यांतील दोन काळ्याने जिंकले. ते दोन डाव कोणते? पहिला, जो डिंगने फ्रेंच बचाव खेळून घेतला, आणि शेवटचा, ज्यात डिंगच्या एका चुकीने गुकेशला मुकुट दिला. म्हणजे लढतीचा प्रारंभ आणि शेवट दोन्ही काळ्याच्या नावावर.

चोवीस तासांतले दोन धडे

मग ग्रँडमास्टर मंडळी महिनोन्‌महिने सुरुवातीची तयारी करतात ती कशासाठी? याचे उत्तर नाशिकच्या विदित गुजराथीने टोरांटोत लागोपाठच्या दोन दिवसांत, दोन्ही बाजूंनी अनुभवले.

५ एप्रिल २०२४. आव्हानवीरांच्या स्पर्धेची दुसरी फेरी. समोर अमेरिकेचा हिकारू नाकामुरा, पांढरी मोहरी त्याच्याकडे. विदितने बर्लिन बचाव निवडला. अकराव्या चालीला त्याने उंटाचा बळी देत नाकामुराच्या राजापुढचे प्यादे मारले. ही चाल पटावर सुचलेली नव्हती, घरून आणलेली होती. नाकामुरा विचारात पडला, घड्याळ चालू राहिले आणि दीर्घ डावांतील त्याची सत्तेचाळीस डावांची अपराजित मालिका तेथे खंडित झाली.

दुसऱ्याच दिवशी पारडे फिरले. पांढरी मोहरी विदितकडे, समोर आर. प्रज्ञानंद. विदितने रुई लोपेझ खेळायला घेताच प्रज्ञानंदने तिसऱ्याच चालीला राजाच्या उंटापुढचे प्यादे दोन घरे पुढे टाकले. श्लीमन नावाची ही पद्धत उच्च पातळीवर बरीचशी संशयास्पद मानली जाते. संगणक तिला फारशी किंमत देत नाही. तरीही आदल्या दिवशी नाकामुराला जे सोसावे लागले, ते आता विदितच्या वाट्याला आले. प्रज्ञानंद जिंकला.

या दोन डावांत काळा जिंकला, आणि दोन्हींत सुरुवातीचा वाटा निर्विवाद होता. पण तो कोणत्या स्वरूपाचा होता, ते नीट पाहिले पाहिजे. विदितची चाल आणि प्रज्ञानंदची चाल या 'सर्वोत्तम' होत्या म्हणून उपयोगी पडल्या नाहीत. एका खेळाडूला ओळखीचा असलेला मुलूख त्यांनी दुसऱ्यासाठी अनोळखी केला. सुरुवातीतून मिळतो तो वेळ. एक जण पाठ केलेल्या चाली मिनिटाभरात खेळतो, दुसरा त्याच चालींची उत्तरे शोधण्यात तासभर घालवतो आणि पुढे निर्णायक क्षणी त्याच्या घड्याळात काही उरत नाही. गुण मिळतो तो पुढच्या चुकीतून. सुरुवात फक्त त्या चुकीची शक्यता वाढवते.

याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण २००८च्या ऑक्टोबरमध्ये जर्मनीतील बॉन येथे पाहायला मिळाले होते. विश्वनाथन आनंद आयुष्यभर प्रामुख्याने राजापुढच्या प्याद्याने डाव सुरू करणारा खेळाडू. व्लादिमिर क्रॅमनिकविरुद्ध त्याने वजिरापुढचे प्यादे पुढे केले आणि क्रॅमनिकची बरीचशी तयारी जागच्या जागी निकामी झाली. काळ्या मोहऱ्यांनी तर त्याने मेरान पद्धतीतील एकच धारदार शाखा तिसऱ्या आणि पाचव्या डावात खेळून दोन्ही डाव जिंकले. सहावा पांढऱ्याने घेतला आणि लढत तेथेच संपल्यात जमा झाली. हे घडवून आणण्यासाठी आनंदच्या पाठीशी सूर्यशेखर गांगुलीसह चार ग्रँडमास्टरांचा चमू महिनोन्‌महिने राबला होता. गोरेगावच्या वर्गातील दहा वर्षांच्या मुलाजवळ असा चमू नाही. महत्त्वाचे म्हणजे, त्याच्या समोर क्रॅमनिकही नाही.

जपानमधील पट

ही चर्चा एकट्या आपल्या बुद्धिबळापुरती ठेवली तर अपुरी राहील. आरेतून सुटणाऱ्या मेट्रो-३च्या उभारणीत जपानच्या 'जायका' या संस्थेच्या कर्जाचा मोठा वाटा आहे. त्याच जपानमध्ये बुद्धिबळाचा एक दूरचा भाऊ नांदतो. त्याचे नाव शोगी. एक्याऐंशी घरांचा पट, दोन्हीकडे वीस-वीस सोंगट्या, आणि मारलेली सोंगटी आपली म्हणून पुन्हा पटावर उतरवण्याची मुभा. भारतातून निघालेला खेळ तिथवर कसा पोहोचला, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. अल्बेरुनीने अकराव्या शतकात हिंदुस्थानातील हत्तीची जी चाल नोंदवली आहे, एक घर सरळ पुढे किंवा चारही तिरप्या दिशांना एक घर, तंतोतंत तीच चाल शोगीतील 'रुपेरी सेनापती' आजही चालतो, एवढे मात्र खरे.

सुरुवातीच्या अभ्यासासाठी शोगीइतकी चांगली प्रयोगशाळा नाही. याचे कारण तिथे बरोबरी जवळपास नाहीच. तीच स्थिती चार वेळा आली तर डाव रद्द होतो आणि बाजू बदलून पुन्हा खेळला जातो. त्यामुळे आकडे स्वच्छ मिळतात. व्यावसायिकांच्या डावांत आधी खेळणारा साधारण शंभरातील बावन्न-त्रेपन्न डाव जिंकत आला आहे. आधी खेळणाऱ्याला जपानीत 'सेन्ते' म्हणतात आणि मागून खेळणाऱ्याला 'गोते'. मराठी कानाला हा शब्द अपशकुनी वाटेल. पण २००८च्या हंगामात, नोंदी ठेवल्या जाऊ लागल्यापासून प्रथमच, या 'गोते'वाल्यांनी अधिक डाव जिंकले. त्या काळात मागून खेळणाऱ्यांसाठी ज्या नव्या पद्धती रूढ झाल्या होत्या, त्यांतील एकीत तर जाणूनबुजून एक चाल वाया घालवून उंटांची अदलाबदल करायची, असा उलटा हिशेब होता. चाल गमावूनही डाव समतोल राहतो, हे त्यांनी दाखवले. पुढच्या काळात उतारे शोधले गेले आणि पारडे पुन्हा पहिल्या चालीकडे झुकले.

शोगीतील सुरुवातीची मोठी निवड हत्तीची असते. प्रत्येकाकडे हत्ती एकच. तो उजवीकडे मूळ जागी ठेवून हल्ला करायचा की डावीकडे सरकवायचा, यावर सारा डाव ठरतो. त्याबरोबरच राजाभोवती सोंगट्यांची तटबंदी रचायची असते. या तटबंदीच्या प्रकारांत 'अनागुमा', म्हणजे बिळातले अस्वल, ही सर्वांत बळकट. राजाला पटाच्या कोपऱ्यात नेऊन गाडायचे आणि मग निर्धास्तपणे हल्ला करायचा. हत्ती मूळ जागी ठेवणाऱ्यांनी ही तटबंदी हाती घेतल्यावर हत्ती सरकवणाऱ्यांची दाणादाण उडाली. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर ताकेशी फुजिई या खेळाडूने तोड काढली. त्याने आपल्या राजाला तटबंदीत नेण्याची घाईच केली नाही. समोरच्याचे अस्वल बिळात शिरण्याआधीच हल्ला चढवायचा, ही त्याची रीत. ती 'फुजिई पद्धत' म्हणून गाजली आणि तिच्या बळावर १९९८ मध्ये त्याने 'र्‍यूओ' हा मानाचा किताब जिंकला. त्यानंतर तिचेही उतारे निघाले. एखाद्या सुरुवातीचे यश हे असे असते : ती जितकी जिंकते, तितके तिच्या विरोधात अभ्यास करणारे वाढतात आणि मग तिची टक्केवारी उतरते.

२०१७ मध्ये तेथेही संगणकाने धक्का दिला. 'मेइजिन' किताबधारक अमाहिको सातोविरुद्ध पोनान्झा या प्रोग्रॅमने पहिल्याच चालीला 'सोनेरी सेनापती' हलवला. शिकाऊ मुलाने ही चाल केली असती, तर शिक्षकाने कान उपटला असता. पोनान्झाने तो डाव जिंकला, पुढचाही जिंकला. त्याच सुमारास यासुहिरो मासुदा या तरुण व्यावसायिकाने 'यागुरा' ही शतकानुशतकांची पारंपरिक तटबंदी आता संपल्याचे जाहीर करून टाकले होते. यागुरा संपली नाही. वेगळ्या, अधिक आक्रमक रूपात ती परतली. दुसरीकडे, हत्ती डावीकडे सरकवणे संगणकांना मुळातच पसंत नाही. सरकवताक्षणी ते त्या बाजूचे गुण कमी करतात. तरीही तात्सुया सुगाई याच पद्धतीवर निष्ठा ठेवून २०२३ आणि २०२४ मध्ये किताबांच्या लढतींपर्यंत पोहोचला. तेथे गाठ पडली ती सोता फुजिईशी, ज्याने ऑक्टोबर २०२३ मध्ये आठही किताब एकाच वेळी आपल्याकडे ठेवण्याचा विक्रम केला. सुगाई दोन्ही वेळा हरला. त्या पराभवांचे खापर हत्तीवर फोडता येईल. पण त्या काळात सोता फुजिईविरुद्ध हत्ती कुठेही ठेवून जिंकणारे विरळाच होते.

उतारा स्वस्त, सराव महाग

एकेकाळी सुरुवातीचे ज्ञान दुर्मीळ होते आणि म्हणून ते मौल्यवानही होते. १९७४ मध्ये वासंती खाडिलकरने महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा जिंकली, पुढे तिच्या भगिनी जयश्री आणि रोहिणी गाजल्या, प्रवीण ठिपसे १९९७ मध्ये ग्रँडमास्टर झाला. तो सारा काळ परदेशी पुस्तकांच्या प्रतीक्षेचा होता. बेलग्रेडहून निघणारा 'इन्फर्मेटर'चा खंड ज्याच्या हाती आधी पडे, त्याला चार महिन्यांची आघाडी मिळे. आज स्टॉकफिश प्रत्येकाच्या मोबाइलवर फुकट आहे. त्याचा सल्ला दोन्ही बाजूंना सारखाच उपलब्ध असल्याने त्यातून आघाडी मिळण्याची शक्यता घटली आहे. पाठ करायला मात्र दोघांनाही तितकेच तास द्यावे लागतात.

सुरुवातीच्या ज्ञानाविना किती मजल मारता येते, याचेही उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. मीर सुलतान खान देशी नियमांवर वाढला. त्या नियमांत प्याद्याला पहिल्या चालीत दोन घरे जाण्याची मुभा नव्हती. त्यामुळे सुरुवात संथ, शोगीसारखी, आधी आपली मांडणी उभी करून मग भिडण्याची. १९२९ मध्ये विलायतेत पोहोचला तेव्हा युरोपीय सुरुवातींबाबत तो कच्चा होता आणि पुष्कळ डावांत पहिल्या वीस चालींत अडचणीत येत असे. तरीही त्याने ब्रिटिश अजिंक्यपद तीनदा जिंकले आणि हेस्टिंग्जला कॅपाब्लांकाला हरवले. मध्यडाव आणि डावाचा अंत यांत त्याचा हात धरणारे फार थोडे होते. जागतिक महासंघाने २०२४ मध्ये त्याला मरणोत्तर ग्रँडमास्टर किताब दिला.

शालेय स्पर्धांतील बहुसंख्य डाव संपतात ते फुकट गेलेल्या घोड्यामुळे, न दिसलेल्या दुहेरी हल्ल्यामुळे किंवा जिंकलेल्या स्थितीत एका प्याद्याचा वजीर करता न आल्यामुळे. नाइडॉर्फची अठरावी चाल पाठ असलेल्या मुलासमोर प्रतिस्पर्धी पाचव्याच चालीला भलतेच काही खेळतो आणि पाठांतर तेथेच संपते. उलट, एकच सुरुवात घेऊन तिच्यातील चालींमागचे हेतू समजलेला मुलगा तेथूनही वाट काढतो. काळी मोहरी वाट्याला आली म्हणून हरलो, ही तक्रार तर या वयात विचारातही घेण्याजोगी नाही. पंचावन्न आणि पंचेचाळीस यांतील फरक हा शेकडो डावांत, तोही बरोबरीच्या खेळाडूंत दिसणारा आहे. शनिवारच्या सहा फेऱ्यांत तो शोधून सापडायचा नाही.

मुंबईत बुद्धिबळाचे एक पुस्तक दोन शतकांपूर्वी छापले गेले होते, याची आठवण येथे अस्थानी ठरू नये. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांनी संस्कृतातून इंग्रजीत आणलेला तो ग्रंथ १८१४ सालचा. त्यात प्रामुख्याने आहेत त्या पेचाच्या स्थिती : पटावर मोजकी मोहरी, मात नक्की आहे, ती शोधायची. आजही तशाच स्थितींचे संच पुस्तकांच्या दुकानांत आणि मोबाइलवर ढिगाने मिळतात, आरे ते कफ परेडच्या प्रवासात त्यांतील दहा-पंधरा सहज सोडवून होतात, आणि त्यासाठी वर्गाचे शुल्क पडत नाही. तरीही वर्गांच्या जाहिरातींत त्यांचा उल्लेख क्वचित येतो. जाहिरातींत ठळक अक्षरांत असते ते सुरुवातींचेच नाव, कारण पालक तेच विचारतात.